जरा वळसा घालून

गिरगावातल्या कुठल्याही वाडीच्या तोंडाशी पहाटे एखादा कुत्रा आडवा पसरलेला असतो. खोताची वाडी घ्या, कांदेवाडी घ्या, मुगभाटातली एखादी बोळवजा गल्ली घ्या. रात्रभरात गार झालेल्या फरशीवर त्याने अंग टाकलेले असते आणि वाटेची निम्मी रुंदी व्यापलेली असते. दूधवाला सायकल जराशी भिंतीकडे घेतो. पेपरवाला गठ्ठा दुसऱ्या काखेत मारून पलीकडून निघतो. देवळात निघालेल्या आजी पदर सावरत, परडीतली फुले सांभाळत, त्याच्या शेपटीच्या बाजूने पाऊल टाकतात. कुत्रा मान उचलत नाही. एक कान तेवढा वळतो, क्वचित शेपटीचे टोक फरशीवर एकदा आपटते, की झाले. कुणी कुणाला हाक मारलेली नसते, कुणी कुणाच्या अंगाला हात लावलेला नसतो. तरीही दोघांनी एकमेकांची दखल घेतलेली असते आणि दोघांचीही सकाळ मोडलेली नसते. माणसाने कुत्र्याला आणि कुत्र्याने माणसाला कसे भेटावे, याचा विचार मला या वळशापासूनच सुरू करावासा वाटतो. वळसा घालणे म्हणजे भेट टाळणे, असा आपला समज असतो. माझ्या मते तीच भेट आहे, आणि बहुतेक वेळा तेवढी पुरेशी असते.

कुत्र्याशी बोलायचे आपल्याकडे दोन ठरलेले सूर आहेत. ओठांचा चंबू करून काढलेला ‘यू यू’ हा बोलावण्याचा, आणि ‘हाड्’ हा हाकलण्याचा. आईच्या कडेवर असतानाच मूल दोन्ही शिकते. एकात माया आहे, दुसऱ्यात राग किंवा भीती आहे, म्हणून ते दोन टोकांना असल्यासारखे वाटतात. पण कुत्र्याच्या जागी उभे राहून पाहिले तर दोन्हींत एकच गोष्ट घडते. त्याने कुठे असावे, जवळ की दूर, हे माणसाने आधीच ठरवून टाकलेले असते. बोलावणाऱ्याला तो आलाच पाहिजे, हाकलणाऱ्याला तो गेलाच पाहिजे. माणसांच्या बाबतीत अशा वागण्याला आपण सभ्यता म्हणत नाही. ज्याची ताकद कमी आहे त्याला नकाराची सोय ठेवणे, हे सभ्यतेचे पहिले लक्षण आहे. नव्या सुनेला पहिल्या दिवशी घरभर नाचवू नये, अनोळखी मुलाचा गालगुच्चा घेऊ नये, आग्रह करावा पण पानात वाढून मोकळे होऊ नये, हे शहाण्या घरांत सांगावे लागत नाही. तोच विवेक चार पायांच्या शेजाऱ्यापर्यंत नेला, तर भेटण्याची रीत आपोआप बदलते. भेट सुचवायची माणसाने आणि पुरी करायची की नाही हे ठरवायचे कुत्र्याने. माणूस भित्रा असेल तर याच्या नेमके उलट.

कुत्र्यांची आपसातली रीत पाहिली की हे म्हणणे हवेतले राहत नाही. शिवाजी पार्कच्या मैदानावर सकाळी दोन अनोळखी कुत्रे एकमेकांकडे येताना नीट पाहावे. ते सरळ रेषेत येत नाहीत. कमानीसारखे वळण घेत येतात, मध्येच थांबतात, एखाद्या दगडाचा उगाच वास घेतात, मान दुसरीकडे फिरवतात. मग बाजूने जवळ येऊन आधी तोंडाच्या आणि मग शेपटीच्या बाजूला नाक नेतात, आणि काही क्षणांत मोकळे होतात. नॉर्वेच्या श्वानप्रशिक्षक तुरीद रुगॉस यांनी अशा खुणांची वर्षानुवर्षे नोंद केली. जीभ ओठांवरून फिरवणे, जांभई देणे, अंग तिरके करणे, जमिनीचा वास घेणे. ‘माझ्याकडून तुला धोका नाही, तूही सांभाळून घे’ असे सांगणारी ती देहाची बोली आहे. समोरून सरळ चालत येणे, डोळ्यांत रोखून पाहणे, वरून वाकणे, डोक्यावर हात नेणे हे सगळे त्या बोलीत धमकीच्या बाजूला पडते. आणि प्रेमळ माणूस पहिल्या भेटीत नेमके हेच चारही करतो. शेपटीचेही तसेच. हलणारी शेपटी म्हणजे आमंत्रण, असे आपण धरून चालतो. इटलीतल्या बारी आणि त्रिएस्ते इथल्या संशोधकांनी २००७ साली दाखवून दिले, की मालकाला पाहून कुत्र्याची शेपटी उजवीकडे जास्त झुकते आणि अनोळखी, दांडगट कुत्रा दिसला तर डावीकडे. रस्त्यात उभे राहून शेपटीचा कल मोजावा, असे काही नाही. पण हलणे म्हणजे होकार नव्हे, एवढे त्यातून निश्चित कळते.

यावर एक आक्षेप येतो आणि तो वजनदार आहे. हा सगळा प्राण्याचा स्वभावधर्म झाला, त्याला शिष्टाचार कसे म्हणायचे? सभ्यता माणसाने माणसासाठी घडवलेली गोष्ट आहे. कुत्र्याला तिची जाण नाही, म्हणून त्याच्याशी सभ्यतेने वागणे म्हणजे भिंतीला नमस्कार करणे. मला हे पटत नाही. आपले शिष्टाचार तरी कुठे सगळे विचारपूर्वक असतात? वडीलधारी व्यक्ती आली की आपण उठतो ते उठून झाल्यावर आपल्या लक्षात येते. देहाला लागलेली सवय हीच बहुतेक सभ्यता आहे. आणि कुत्रा समोरच्या माणसाला पारखतो, याचा पुरावा दूरदेशी शोधायला नको. कोलकात्याच्या ‘आयसर’ या विज्ञानसंस्थेत अनिंदिता भद्रा आणि त्यांचे सहकारी आपल्याकडच्या रस्त्यावरच्याच कुत्र्यांचा अभ्यास करत आले आहेत. कुणी न शिकवलेले हे कुत्रे माणसाने बोटाने दाखवलेल्या दिशेचा अर्थ लावू शकतात, हे त्यांनी दाखवले. २०१७ साली त्यांच्या आणखी एका अभ्यासातून दिसले, की अनोळखी माणसाशी वारंवार गाठ पडत गेली तर विश्वास जडण्यात खाऊपेक्षा मायेच्या स्पर्शाचा वाटा मोठा असतो. यातला ‘वारंवार’ हा शब्द मला महत्त्वाचा वाटतो. कुत्र्याला स्पर्श नको आहे असे मुळीच नाही. स्पर्श ओळखीच्या शेवटी यावा, आपण तो सुरुवातीलाच करून बसतो. जो प्राणी बोट वाचतो, माणसा-माणसात फरक करतो, कालचा हात आज लक्षात ठेवतो, त्याच्याशी सभ्यतेने वागणे भिंतीला नमस्कार कसे ठरेल?

हे शिकण्यासाठी मुंबईच्या या जुन्या भागाला कुणाच्या शिकवणीची गरज नव्हती, असे मला वाटते. गिरगाव, लालबाग, परळ, नायगाव इथल्या चाळींनी दाटीत राहण्याचे एक शास्त्र तयार केले आणि ते या बाबतीत हुबेहूब लागू पडते. चाळीच्या गॅलरीत दारे दिवसभर उघडी असतात. दहा बाय बाराच्या खोलीत कुणी जेवत असते, कुणी आजारी पडलेले असते, कुणाचे भांडण चाललेले असते, आणि नळावर जाणाऱ्याला त्या सगळ्या दारांवरून जावे लागते. जाणारा नजर समोर ठेवतो. ज्याच्या घरी जायचे असेल त्याच्या उंबऱ्याबाहेर थांबून ‘आहात का घरात?’ म्हणून विचारतो आणि ‘या’ म्हटल्याशिवाय पाऊल आत टाकत नाही, दार सताड उघडे असले तरी. जिन्यात दोघे समोरासमोर आले की दोघेही अंग तिरके करतात, छातीला छाती लावून कुणी जात नाही. म्हणजे रोखून न पाहणे, उंबऱ्याशी थांबणे, अंग तिरके करणे आणि होकाराची वाट पाहणे. कुत्र्याला भेटण्याची रीत यापेक्षा वेगळी सांगताच येणार नाही. जिथे जागा कमी तिथे अंतर राखणे ही चैन नसते, ती माणुसकीची अट असते. चाळीच्या चौकात वाढलेल्या मोत्याने आणि काळूनेही ती पाळली. कुणाच्या दारात थांबायचे, कुणाच्या दारावरून मान खाली घालून जायचे, कोणत्या काकू भाकरीचा तुकडा टाकतात आणि कोणत्या काकांना कुत्रा नजरेसमोर नको असतो, हे त्यांना पाठ असे. गणपतीत लालबागच्या रस्त्यावर माणसांचा महापूर आला, ढोल-ताशे सुरू झाले, की हे कुत्रे मागच्या गल्ल्यांत, उभ्या गाड्यांच्या खाली सरकतात आणि दहा दिवस रस्ता माणसांना सोडून देतात. त्यांच्या परीने तोही एक वळसाच आहे.

या शहरात माणूस आणि कुत्रा यांच्या नात्यावरून एकदा दंगलही झालेली आहे. उन्हाळ्यात आणि पावसाळ्याच्या अखेरीस मोकाट कुत्रे मारण्याची कंपनी सरकारची पद्धत होती. १८३२ साली ती मुदत वाढवली गेली आणि कुत्र्यामागे आठ आणे बक्षीस असल्यामुळे शिपाई कोटातल्या घरांच्या आसपास फिरून कुत्रे मारू लागले. ६ जूनला पारशी रहिवासी त्यांच्यावर धावून गेले. दुसऱ्या दिवशी दुकाने बंद झाली, पारशांबरोबर जैन आणि हिंदू व्यापारीही उतरले, कुलाब्याच्या छावणीची रसद अडली आणि शेवटी सैन्य आणावे लागले. हा प्रसंग बहुधा धार्मिक भावनेचा म्हणून सांगितला जातो, आणि ते खरेच आहे. झरथुष्ट्री धर्मात कुत्र्याचे स्थान फार वरचे. पण मला त्यात शेजारधर्माचाही धागा दिसतो. दाराशी बसणाऱ्या प्राण्याचे काय करायचे हे दाराआतल्या माणसाला न विचारता, पैशांच्या हिशेबाने ठरवले गेले, याचा तो संताप होता. त्याच समाजाच्या ‘सगदीद’ या विधीत मृताचा चेहरा कुत्र्याला दाखवतात. अंत्यविधीसाठी मलबार हिलवरच्या डुंगरवाडीकडे निघालेल्या माणसाला शेवटचे पाहून घेण्याचा मान कुत्र्याच्या डोळ्यांना दिलेला आहे. कुत्र्याने माणसाला निरोप द्यावा, आणि तो द्यायला तो समर्थ आहे असे माणसांनी मानावे, ही मला या शहराच्या संस्कृतीतली फार मोठी गोष्ट वाटते.

आपल्या परंपरेतही कुत्रा देवाच्या फार जवळ पोचलेला आहे. दत्ताच्या पायाशी चार कुत्रे आहेत, खंडोबाबरोबर कुत्रा आहे, आणि खंडोबाचे वाघ्ये स्वतःला देवाचे कुत्रे म्हणवून घेत आले. पण चित्रातल्या कुत्र्याला हळदकुंकू आणि देवळाच्या पायरीवरच्या कुत्र्याला काठी, ही विसंगती जुनीच आहे आणि महाभारताने ती सुरुवातीलाच नोंदवून ठेवली आहे. युधिष्ठिराने कुत्र्याला सोडून स्वर्गात जायला नकार दिला, ही शेवटाकडची गोष्ट सगळ्यांना माहीत असते. आदिपर्वातली त्याच्या तोडीची गोष्ट कमी सांगितली जाते. जनमेजय राजाच्या यज्ञाच्या जागी देवांची कुत्री सरमा हिचा पोर येतो. तो हविर्द्रव्य चाटत नाही, त्याच्याकडे पाहतही नाही, तरी राजाचे भाऊ त्याला बडवतात. तो रडत आईकडे जातो. सरमा येऊन एवढेच विचारते, की याचा अपराध काय होता? कुणी उत्तर देत नाही. मग ती शाप देते, की न दिसणारे भय तुझ्यावर येईल, आणि राजा अस्वस्थ होतो. मला या गोष्टीत माराइतकेच ते गप्प राहणे लागते. विनाकारण मारले याची भरपाई कदाचित झाली असती. विचारणाऱ्या आईला उत्तर देण्याच्या लायकीचे कुणी मानलेच नाही, इथे असभ्यता पुरी झाली. आणि मिळालेली शिक्षाही किती नेमकी आहे. ज्या शेजाऱ्याला आपण ओळख देत नाही, त्याचेच आपल्याला भय वाटू लागते.

भयाचा मुद्दा आला की दुसरा मोठा आक्षेप समोर येतो आणि तिथे घाईने पुढे जाता येत नाही. सभ्यतेच्या गोष्टी ठीक, पण चावले तर? हा प्रश्न विचारणारा माणूस निष्ठुर नसतो. त्याच्या घरात लहान मूल असते, किंवा रात्री एक वाजता त्याला दुचाकीवरून कुणाचे तरी जेवण पोचवायचे असते आणि परळच्या एखाद्या वळणावर पाच-सहा कुत्रे मागे लागतात. पिसाळलेल्या कुत्र्याच्या चावण्याने होणारा रेबीज एकदा लक्षणे दिसू लागली की जवळजवळ नेहमीच जीव घेतो. परळला हे फार आधीपासून माहीत आहे. जनावरांचे ‘बैलघोडा’ हॉस्पिटल, १८८६ साली सुरू झालेले पशुवैद्यकीय महाविद्यालय, १८९९ पासून जुन्या गव्हर्न्मेंट हाउसमध्ये असलेली आणि एके काळी रेबीजची लसही तयार करणारी हाफकिन संस्था, आणि माणसांचे केईएम रुग्णालय, हे सगळे एकमेकांपासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे. माणसाचे दुखणे आणि जनावराचे दुखणे वेगळे काढता येत नाही, हे इतक्या स्पष्टपणे सांगणारा दुसरा परिसर मुंबईत नसेल. चावा किंवा ओरखडा झाला तर जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुणे आणि त्याच दिवशी लस सुरू करणे, याला पर्याय नाही. सभ्यता लसीची जागा घेऊ शकत नाही, आणि पिसाळलेल्या किंवा खरोखर हिंस्र झालेल्या कुत्र्याला रस्त्यावर राहू द्या, असे मी म्हणत नाही.

पण सभ्यता आणि सुरक्षितता एकमेकींच्या विरुद्ध आहेत, हे मात्र खरे नाही. कुत्र्याने चावण्याआधी बहुधा नाही म्हटलेले असते, आपण ते ऐकलेले नसते. तो मान वळवतो, ओठ चाटतो, अंग ताठ करतो, डोळ्यांचा पांढरा भाग दिसू लागतो, मग गुरगुरतो. गुरगुरण्याबद्दल त्याला मारले, तर तो पुढच्या वेळी गुरगुरत नाही, थेट दात लावतो. इशारा देण्याची त्याची सवय आपणच मोडलेली असते. घाबरलेल्या माणसासाठीची रीतही हीच आहे. पळू नये, ओरडू नये, हात खाली ठेवून अंग तिरके करावे, नजर बाजूला न्यावी, हळूहळू निघावे. दुचाकी असेल तर वेग वाढवण्याऐवजी कमी करावा. मात्र ही सगळी जबाबदारी त्या रात्रीच्या वाटसरूवर टाकणे अन्यायाचे आहे. ज्या गल्लीचे ते कुत्रे आहेत तिथल्या माणसांचा त्यात मोठा वाटा आहे. महापालिकेने १९९०च्या दशकात कुत्रे मारणे थांबवले आणि नसबंदीचा मार्ग धरला, २००१ साली देशासाठी त्याचे नियम आले, २०२३ साली ते नव्याने लिहिले गेले, आणि २०२५ साली सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशांवरून पुन्हा देशभर वाद पेटला. वाद कुठेही जावो, गल्लीतल्या प्रत्येक कुत्र्याच्या कानाला नसबंदीची खाच आहे ना आणि त्याची लस दरवर्षी होते ना, हे पाहणे ही त्या गल्लीने बाहेरच्या माणसाला दिलेली ओळख आहे. कानाची ती खाच म्हणजे त्याच्यासाठी कुणीतरी आधी हमी दिलेली असल्याची खूण.

पाळलेल्या कुत्र्याबाबत तर सगळी जबाबदारी दोरी धरणाऱ्याची. ‘काही करत नाही तो’ हे वाक्य दादरच्या फाइव्ह गार्डन्समध्ये किंवा परळच्या टॉवरच्या लिफ्टमध्ये रोज ऐकू येते, आणि या सगळ्या प्रकरणातले ते सर्वांत असभ्य वाक्य आहे असे माझे मत आहे. भिंतीला चिकटून उभ्या असलेल्या माणसाला त्यातून सांगितले जाते, की तुझी भीती खोटी आहे. ती खोटी नसते. त्याला लहानपणी कुत्रा चावलेला असेल, त्याच्या धर्मात कुत्र्याची लाळ लागली तर अंग धुवावे लागत असेल, किंवा त्याला कुत्रे नुसते आवडत नसतील, आणि कारण सांगायला तो बांधील नाही. दोरी आखूड करून कुत्र्याला आपल्या पायामागे घेणे आणि ‘तुम्ही जा, आम्ही पुढच्या लिफ्टने येतो’ म्हणणे, एवढे पुरते. कुत्र्यालाही भेटण्याची रीत शिकवावी लागते आणि ती शिकण्याचा काळ फार थोडा असतो. जन्मल्यावर तिसऱ्या आठवड्यापासून साधारण बाराव्या-चौदाव्या आठवड्यापर्यंत जे पाहिले-ऐकले त्यावर त्याची जगाशी ओळख बेतलेली असते, असे स्कॉट आणि फुलर यांच्या अमेरिकेतल्या प्रदीर्घ संशोधनातून पुढे आले. उडी मारून तोंड चाटणारे पिल्लू सगळ्यांना गोड वाटते. तेच वर्षभराने तीस किलोचे होऊन एखाद्या आजोबांच्या अंगावर झेपावते, तेव्हा चूक पिल्लाची नसते. भेटण्याआधी बसायचे, समोरच्याने हात पुढे केला तरच उठायचे, हे त्याला शिकवता येते. मुलांना शिकवायचे तेही याच मापाचे. आधी मालकाला विचारावे, मग कुत्र्याला. म्हणजे बाजूला तिरके उभे राहावे आणि तो स्वतः आला तरच हनुवटीखाली किंवा छातीवर क्षणभर हात फिरवून थांबावे. तो अंग टेकवून राहिला तर होकार, मान फिरवली तर नकार. झोपलेल्या, जेवणाऱ्या आणि पिल्ले पाजणाऱ्या कुत्र्याला भेटायला जाऊच नये. इतक्या साध्या गोष्टी शाळेत कुणी सांगत नाही याचे मला मनापासून वाईट वाटते.

कुत्र्यांवर जीव टाकणाऱ्यांना हे सगळे पटेल, पण त्यांच्याही पदरात काही घालायला हवे. रात्री भाताचा डबा घेऊन निघणारी माणसे या शहराची मोठी पुण्याई आहेत. तरी दुसऱ्याच्या जिन्याच्या तोंडाशी, मुलांच्या खेळण्याच्या जागी अन्न टाकणे ही माया नव्हे, ते अतिक्रमण आहे. २०२३च्या नियमांतही खाऊ घालण्याची जागा जिन्यापासून, येण्याजाण्याच्या वाटांपासून आणि मुलांच्या खेळण्याच्या जागेपासून दूर ठरवावी असे म्हटले आहे. जिथे अन्न तिथे राखण, आणि जिथे राखण तिथे भुंकणे. म्हणजे दुसऱ्याच्या दारात आपण आपल्या मायेने एक पहारेकरी बसवतो आणि मग घरमालकाला निर्दय ठरवतो.

आणखी एक आक्षेप आहे. तो कुत्र्यांबद्दलचा नाही, आपल्याबद्दलचा आहे, आणि याच परिसरातून आलेला आहे. परळच्या बीआयटी चाळीत आणि पुढे दादरच्या राजगृहात राहिलेल्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी हातात घेतले, तेव्हा त्या तळ्यावर कुत्र्या-मांजरांना मज्जाव नव्हता आणि माणसांना होता. १४ ऑगस्ट १९३१ रोजी गिरगावाशेजारच्या मणिभवनात गांधीजींशी झालेल्या भेटीत त्यांनी हीच वस्तुस्थिती त्यांच्यापुढे ठेवली. असा इतिहास असलेल्या समाजात कुत्र्याशी सभ्यतेने वागा म्हणून सांगणारा निबंध वाचताना कुणाला चीड आली, तर ती चीड रास्त आहे. पण तळ्यावर कुत्र्याला पिऊ देणाऱ्यांनी त्याला मान दिला होता काय? माझे उत्तर नाही असे आहे. त्यांनी त्याला मोजलेच नव्हते. कुत्रा हक्क मागत नव्हता म्हणून त्याची अडचण नव्हती. माणूस हक्क मागेल म्हणून त्याला अडवले होते. त्या तळ्यावर कुत्र्याबद्दल बेफिकिरी होती आणि माणसाबद्दल द्वेष होता, सभ्यता कुणाच्याच वाट्याला आलेली नव्हती. म्हणून क्रम ठरवायचा तर माणूस आधी येतो, यात मला शंका नाही. पहाटे गल्ली झाडणाऱ्या सफाई कामगाराचे नाव ज्याला माहीत नाही आणि गल्लीतल्या चारही कुत्र्यांची नावे माहीत आहेत, त्याच्या मायेत काहीतरी चुकलेले आहे. कुत्रे पकडायला येणाऱ्या गाडीवरच्या महापालिकेच्या माणसालाही हेच लागू पडते. दोन्ही बाजूंच्या शिव्या तो खातो, जाळ्याशी झुंजतो, चावे सोसतो, आणि त्याला पाणी विचारायला कुणी पुढे येत नाही.

हे सगळे लिहिताना एक काळजी मनात राहते. वळसा घालण्याची जी सवय चाळींनी माणसांना आणि कुत्र्यांना लावली, तिची जागाच आता जात आहे. नायगावच्या आणि ना. म. जोशी मार्गावरच्या बीडीडी चाळींच्या जागी टॉवर येत आहेत, गिरणगावात ते केव्हाच उभे राहिले, गिरगावातल्या वाड्यांवरही नकाशे तयार आहेत. पक्के, कोरडे, स्वतःच्या संडासाचे घर मिळावे म्हणून माणसांनी आयुष्य घालवले. त्यांच्या आनंदात खोट काढण्याचा अधिकार कुणालाच नाही. पण माणसे संक्रमण शिबिरात जातात तेव्हा चौकातले कुत्रे मागेच राहतात. पत्रे ठोकलेल्या कुंपणाबाहेर ते काही महिने बसून असतात, मग पांगतात. नव्या इमारतीत फाटक असते, वाहनतळ असतो, पोडियमवर बाग असते, आणि कुत्रा एकतर दोरीत असतो किंवा नसतोच. तिथल्या मुलांना रस्त्यावरचा कुत्रा गाडीच्या काचेतून दिसतो आणि कुत्र्याला ती मुले दिसतच नाहीत. दोघांचीही तालीम थांबते, आणि तालीम नसलेल्या दोघांची पहिली गाठ अंधारात, घाईत, फाटकाबाहेर पडते. फाटकावरच्या वॉचमनला त्या कुत्र्यांची नावे ठाऊक असतात, रात्रपाळीला तेच त्याला सोबत करतात, आणि सोसायटीने त्याला एकच सूचना दिलेली असते, की आत येऊ द्यायचे नाही. पार्किंगचा विषय संपल्यावर कधीतरी सर्वसाधारण सभेत हा विषय निघतोच. एकजण सगळे पकडून न्या म्हणतो, दुसरा एकालाही हात लावू देणार नाही म्हणतो, आवाज चढतात. त्याच सभागृहात मागच्या खुर्च्यांवर चाळीतून आलेली काही म्हातारी माणसे गप्प बसलेली असतात. कुत्र्याच्या शेजारी पन्नास वर्षे कसे राहिलात, हे त्यांना अजून कुणी विचारलेले नाही.